फुप्फुसाच्या जुनाट आजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला कितपत योग्य?

करवीरकर
आमचे थोरले चुलते तीस वर्षे गुऱ्हाळात चुलवाणापुढे बसून चिपाड सारत आले. आता त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे आणि गल्लीच्या टोकापर्यंत जातानाही दोनदा थांबावे लागते. भेटीला येणारा प्रत्येक जण ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत च्यवनप्राश ठेवून जातो; फडताळात सध्या पाच डबे आहेत. माझ्या मते या आजारात ही शक्ती कमी पडलेली नसून भलतीकडे वळलेली असते. धुरामुळे फुप्फुसात धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे विकर सोडतात, ते वायुकोशांच्या भिंतींतील लवचीक तंतू खाते, आणि धूर सुटल्यावरही हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. या विकराला आवरणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच कमी असते, त्यांना एम्फिसिमा (वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा आजार) लवकर गाठतो, हे १९६३ साली स्वीडनमध्ये दिसून आले होते.

रंकाळाकाठ
असहमत. दाह शमवण्यासाठी इनहेलरमधून स्टेरॉइड दिले की सीओपीडीच्या रुग्णांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे ही शक्ती दाबण्याचीही किंमत मोजावी लागते. शिवाय त्याच फुप्फुसात कर्करोग उद्भवला, तर इम्युनोथेरपीने टी-पेशींनाच, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पेशींना, लढायला सोडतात. २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ॲलिसन आणि होन्जो या शास्त्रज्ञांना मिळाले, ते याच वाटेच्या शोधासाठी.

करवीरकर
न्यूमोनियाचा मुद्दा मान्य. पण इम्युनोथेरपीतही शक्ती ‘वाढवली’ जात नाही. कर्करोगाच्या गाठीने पीडी-१ (टी-पेशींवरचा लगामासारखा रेणू) मार्फत टी-पेशींना घातलेली वेसण तेवढी काढली जाते. वेसण काढलेला बैल कधी आपल्याच पिकात शिरतो, आणि औषधामुळेच फुप्फुसाला सूज येते.

शिरोलीकर
आमच्या फाउंड्रीत साचा फोडताना उडणारी वाळूची धूळ मी रोज पाहतो, म्हणून लिहितो. आपण दोघेही वेळेचा विचार करत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या दहा हजारांवर रुग्णांना घेऊन केलेल्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाने फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे २०१७ साली दिसले. मात्र पुढे, कर्करोग झालेल्यांनाच ते दिले तेव्हा अपेक्षित लाभ झाला नाही. दाह आधी गाठीला जमीन तयार करून देतो, नंतर गाठ स्वतःच पहारेकऱ्यांना गप्प करते. एकच सल्ला दोन्ही टप्प्यांना कसा लागू पडेल?

रंकाळाकाठ
हे पटण्यासारखे आहे, तरी ‘वाढवणे’ हा शब्द मी पूर्णपणे सोडणार नाही. करवीरकर, चुलत्यांना फ्लू आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूची) लस दिली आहे का?

करवीरकर
फ्लूची दिली आहे. दुसरीचे सोमवारी डॉक्टरांना विचारतो.