कंपनी विकली, विमानं तीच: मोठ्या एअरलाइन आपल्या छोट्या कंपन्या का विकतात?

खिडकीची_सीट

टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा तिची अलायन्स एअर ही छोटी उपकंपनी मागे राहिली. तिचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तोट्यात होती, म्हणून टाटांनी घेतली नाही." आणि त्याच दमात, जगात कुठलीही मोठी एअरलाइन आपली छोटी कंपनी विकते ती तोट्यापायीच, असा निष्कर्षही निघतो. मला तो पटत नाही. अमेरिकेतल्या डेल्टाचं उदाहरण घेतो, कारण तिथे हा प्रकार सगळ्यात उघडपणे झाला.

१ जुलै २०१० ला डेल्टाने एकाच दिवशी दोन उपकंपन्या विकल्या. मेसाबा ही पिनॅकल या दुसऱ्या छोट्या कंपनीला, ६ कोटी २० लाख डॉलरना. कंपास ही ट्रान्स स्टेट्स या तशाच कंपनीला, साधारण २ कोटी डॉलरना. दोन्ही नॉर्थवेस्ट या मोठ्या एअरलाइनच्या विलीनीकरणातून २००८ मध्ये डेल्टाच्या पदरात पडलेल्या. दुसऱ्या दिवशी प्रवाशाला काय वेगळं दिसलं? काही नाही. शेपटीवर डेल्टाचंच चिन्ह, तिकीट डेल्टाचं, फ्लाइट नंबर डेल्टाचा.

याचं कारण त्यांच्यातला करार. कुठून कुठे, किती वाजता आणि कितीला उडायचं हे डेल्टा ठरवते. तिकिटाचे पैसे तिच्याकडे जातात, इंधनाचा भारही बहुतांशी तीच उचलते. छोटी कंपनी विमान चालवून देते, पायलट आणि क्रू पुरवते आणि त्याचे ठरलेले पैसे घेते. म्हणजे विमान अर्धं रिकामं गेलं तर फटका डेल्टालाच, कंपनी कुणाच्या का नावावर असेना. मग विकलं काय?

माझ्या मते विकला तो पगाराचा प्रश्न. पायलटचा पगार सीनिऑरिटीने चढतो. कंपनी जुनी झाली की वरच्या पायरीवरचे कॅप्टन वाढतात आणि तेच विमान दरवर्षी महाग पडत जातं. कंपनी घरची असेल तर ते निमूट सोसावं लागतं. बाहेरची असेल तर करार संपताना चार जणांकडून दर मागवता येतात आणि ज्याचे पायलट नवखे, त्याला काम देता येतं. शिवाय २००१ चा कॉमएअरचा संप डेल्टा विसरली नसणार. दीडएक वर्षापूर्वी अब्जावधी डॉलर मोजून घेतलेली घरचीच कंपनी, आणि पायलट ८९ दिवस संपावर. सिनसिनाटीचा अख्खा तळ ठप्प झाला होता.

(२००५ मध्ये अटलांटिक साउथईस्ट ही कंपनी स्कायवेस्टला ४२.५ कोटी डॉलरना विकली, ती मी यात धरत नाही. पुढच्याच आठवड्यात डेल्टाने दिवाळखोरीचा अर्ज केला. ते निव्वळ घर चालवायला दागिने विकणं होतं.)

कोष्टक

कराराचं बरोबर मांडलंत, पण रोग भलताच सांगताय. पगार हे एक कारण झालं. मुख्य कारण विमानं.

नव्वदच्या दशकात पन्नास सीटची छोटी जेट आली आणि सगळ्यांनी ती भसाभस घेतली. तेल स्वस्त होतं. २००८ मध्ये तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत गेलं आणि हिशेब उलटला. दोन इंजिनं, दोन पायलट, एक एअर होस्टेस, आणि हे सगळं पन्नास तिकिटांतून वसूल करायचं. त्यातून मोठ्या एअरलाइनच्या पायलट युनियनच्या करारातलं ते कलम. छोट्या कंपनीने ७६ सीटपेक्षा मोठं विमान चालवायचं नाही, आणि ७६ वाली किती ठेवायची यालाही मर्यादा. म्हणजे मोठं विमान घेऊन दर सीटचा खर्च खाली आणायची वाटही बंद. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? ज्या धंद्याचं आयुष्य संपत आलंय तो दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. भाडेकरार, जुन्या विमानांची देखभाल, पुढे करावी लागणारी कामगार कपात, सगळं त्याच्याकडे.

ब्रिटिश एअरवेजने २००७ मध्ये बीए कनेक्ट ही आपली छोटी कंपनी फ्लायबी या दुसऱ्या एअरलाइनला दिली, तेव्हा तर विकणाऱ्यानेच वर पैसे घातले आणि बदल्यात फ्लायबीचा १५ टक्के हिस्सा घेतला. पण लंडन सिटी विमानतळावरची उड्डाणं मात्र स्वतःकडे ठेवली. कारण उघड आहे, तिथून बँकवाले उडतात. पीक घरात, तण शेजाऱ्याच्या शेतात. फ्लायबी मार्च २०२० मध्ये बुडाली.

लाल_डबा

दोघंही मालकाच्या खुर्चीत बसून बोलताय. जरा खाली उतरा.

एसटीत शिवशाही आली तेव्हा काही गाड्या भाड्याच्या होत्या. गाडीवर महामंडळाचं नाव, कंडक्टर महामंडळाचा, स्टिअरिंगवर मात्र ठेकेदाराचा ड्रायव्हर. घाटात काही झालं की लोक शिव्या एसटीला घालायचे आणि आत चौकशी चालायची की ड्रायव्हर कुणाचा. डेल्टाचा प्रकार तोच, फक्त हवेतला.

१२ फेब्रुवारी २००९. न्यूअर्कहून बफेलोला जाणारं विमान घरावर कोसळलं. आतले ४९ आणि घरातला एक, ५० माणसं गेली. तिकीट कॉन्टिनेंटलचं, विमानावर नाव कॉन्टिनेंटलचं, चालवणारी कंपनी कोलगन. चौकशीत पायलटचं प्रशिक्षण, थकवा, तुटपुंजा पगार सगळं बाहेर आलं. को-पायलट रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून ड्यूटीवर आली होती. आणि कोलगन कुणाची? पिनॅकलची. वर खिडकीची_सीट यांनी लिहिलंय ना, मेसाबा पिनॅकलला विकली, तीच पिनॅकल. अपघाताला दीड वर्षही झालं नव्हतं. तेव्हा "पगाराचा प्रश्न विकला" हे इतक्या थंडपणे लिहू नका. जबाबदारी विकली म्हणा.

खिडकीची_सीट

@लाल_डबा, कोलगनबद्दल दुमत नाही. त्या कुटुंबांनी पाठपुरावा केला म्हणून कायदा बदलला आणि २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. पण घरची कंपनी असली की सुरक्षितता आपोआप येते असं सुचवत असाल तर २००६ चं लेक्सिंग्टन आठवा. पहाटेच्या अंधारात चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून टेक-ऑफ, ४९ मृत्यू. ते विमान कॉमएअरचं होतं, आणि कॉमएअर तेव्हा शंभर टक्के डेल्टाची. मालकी आणि सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

@कोष्टक, विमानं जुनी झाली म्हणून विकली हे मेसाबाला थोडंफार लागू पडेल. कंपासला अजिबात नाही. कंपासकडे एम्ब्रेअर १७५ होती, ७६ सीटची, कोरी करकरीत. तण म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं. तरी विकली.

कोष्टक

आणि २ कोटी डॉलरला विकली. कोऱ्या विमानांची कंपनी त्या किमतीला जाते याचा अर्थच असा की कंपनीत करारापलीकडे फारसं काही नव्हतं. घेणाऱ्याने डेल्टाच्या कामाची हमी विकत घेतली. बास.

डॅलसकर

इथे राहतो, महिन्यातून दोनदा तरी या छोट्या विमानांत बसतो, म्हणून उलट बाजू मांडतो. हे विकणं इतकं हुशारीचं असेल तर आमच्या अमेरिकन एअरलाइन्सने का नाही केलं? २००७ मध्ये जाहीर केलं की अमेरिकन ईगल वेगळी काढणार. २००८ मध्ये गुंडाळून ठेवलं. २०११ मध्ये पुन्हा तेच जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेले. ईगल शेवटपर्यंत विकली नाही. आज ती एन्व्हॉय नावाने चालते आणि जोडीला पिडमाँट आणि पीएसए, अशा तीन कंपन्या पूर्ण मालकीच्या आहेत.

फायदा दिसला २०२२ मध्ये. कोविडनंतर पायलट मिळेनात, मोठ्या एअरलाइन्स छोट्यांचे पायलट पळवू लागल्या. अमेरिकनने जूनमध्ये तिन्ही कंपन्यांचे पगार तात्पुरते दणकून वाढवले, वरच्या एका खोलीत बसून. बाहेरच्या ठेकेदाराला एवढं करायचं तर आधी करार उघडावा लागतो, आणि तोवर त्याचे कॅप्टन निघून जातात. शिवाय एन्व्हॉयच्या पायलटला ठरलेल्या क्रमाने थेट अमेरिकनमध्ये जागा मिळते. नव्या पोराला हे आमिष पगारापेक्षा मोठं असतं.

आणि डेल्टाच्या हुशारीचं पुढे काय झालं तेही सांगा की! पिनॅकल १ एप्रिल २०१२ ला दिवाळखोरीत. २०१३ मध्ये डेल्टाने तीच कंपनी स्वतःच्या मालकीत घेतली आणि एन्डेव्हर एअर असं बारसं केलं. विकलेली मेसाबा तिच्या पोटातच होती. वाजतगाजत सासरी पाठवली आणि तीन वर्षांत माहेरी.

चहा_टपरी

पॉपकॉर्न संपले. चालू द्या.

खिडकीची_सीट

डॅलसकर, माहेरी आली खरी, पण कशी आली ते बघा. मधल्या काळात दिवाळखोरीच्या कोर्टात पायलटांनी पगारकपात मान्य केली होती आणि बरीच पन्नास सीटची विमानं निघून जाणार हे ठरलं होतं. ज्या दोन गोष्टी घरात राहून करणं डेल्टाला जड गेलं असतं, त्या बाहेर झाल्या. आणि कॉमएअर, जी कधीच विकली नाही, ती २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सरळ बंद केली. घरच्या कंपनीची ही गत, म्हणून मालकीला मी फार भाव देत नाही.

मात्र पायलट दुर्मिळ असतात तेव्हा गणित फिरतं, हा तुमचा मुद्दा मला वजनदार वाटतो. पायलट मुबलक असताना कंपन्या विकाव्याशा वाटतात, टंचाई आली की घरच्या बऱ्या वाटतात. कंपास आणि ट्रान्स स्टेट्स दोन्ही एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्याच झटक्यात बंद पडल्या. डेल्टाला तेव्हा त्यांचं काही बघावं लागलं नाही.

लाल_डबा

"बाहेर झाल्या." वा! मेसाबाच्या पोटात वीस वर्षं काढलेल्या माणसाने आधी मालक बदललेला पाहिला, मग तीन कंपन्यांच्या सीनिऑरिटी याद्या एकत्र केलेल्या पाहिल्या, मग कपात. हे "बाहेर" कुणाच्या घरात झालं?

कुडाळकर

अमेरिकेचं युनियनचं कलम आपल्याकडे नाही, म्हणून हा सगळा वाद इथे जसाच्या तसा लावू नका. इंडिगोची एटीआर ही छोटी विमानं इंडिगोच्याच कंपनीत आहेत, वेगळी कंपनी काढायची गरजच पडली नाही. आपल्याकडे सवलत विमानाला मिळते, कंपनीला नाही. ८० पेक्षा कमी सीट असतील तर लँडिंगचे पैसे माफ, ४० टनांपेक्षा हलकं असेल तर इंधनावरचा विक्रीकर अगदी कमी. मग उपकंपनीचा खटाटोप कशाला?

अलायन्स एअर १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने काढली. जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस गेल्या, अलायन्स मागे राहिली. तोवर ती उडानच्या, म्हणजे लहान गावांना विमानाने जोडायच्या सरकारी अनुदान योजनेच्या, मार्गांमध्ये पार गुंतली होती. एप्रिल २०१७ मधलं उडानचं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला तिनेच नेलं, आणि ९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरही पहिलं विमान तिचंच उतरलं. तीन वर्षांचं अनुदान हेच ज्याचं गणित, ते टाटांनी का घ्यावं? आणि अनुदानाची मुदत संपल्यावर काय होतं हे सिंधुदुर्गातल्या माणसाला कुणी वेगळं सांगायला नको.

वर कुणी तरी म्हणालं, प्रवाशाला काही फरक दिसत नाही. डेल्टाचा करार लांब मुदतीचा होता म्हणून नसेल दिसला. इथे एप्रिल २०२२ मध्ये अलायन्सचं बुकिंग वेगळं झालं आणि एअर इंडियाला सांगावं लागलं की ९ ने सुरू होणारे फ्लाइट नंबर आता आमचे नाहीत. दुबईहून येऊन पुढे लहान गावाला जाणाऱ्याचं एक तिकीट होतं, त्याची दोन झाली. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे पाण्यात.

डॅलसकर

@कुडाळकर, मग बॅगांचं काय होतं? थेट शेवटच्या गावापर्यंत टॅग लागतो का?

कुडाळकर

दोन तिकिटं वेगळ्या कंपन्यांची असतील तर लागेल असं धरून चालू नका. मुंबईत बॅग घ्यायची, बाहेर यायचं, टर्मिनल बदलायचं असेल तर गाडी बघायची, पुन्हा चेक-इन. मी नातेवाइकांना मधे पाच-सहा तास ठेवायला सांगतो. गणपतीत आलात तर त्याहून जास्त ठेवा.