फोटोशॉप: पैठणीचे फोटो तीन आकारांत एकदम काढायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येवल्यात आमचे घरचे हातमाग आहेत. साडी मागावरून उतरली की तिचे फोटो काढून गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे असतं. एका पैठणीचे सात-आठ फोटो तरी होतातच: उलगडलेला पदर आडवा, काठ जवळून, बुट्टी, आणि पुतळ्याला नेसवलेली साडी उभी. त्यातला प्रत्येक फोटो तीन आकारांत लागतो. वेबसाइटसाठी लांब बाजू २००० पिक्सेल, इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १०८० चा चौकोन, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला ३०० केबीच्या आतला. तिन्हींवर खाली उजव्या कोपऱ्यात आमची निशाणी (लोगो). लग्नसराईत उघडा, लहान करा, निशाणी टाका, सेव्ह करा यातच दिवस जातो आणि रंग नीट जुळवायला वेळ उरत नाही. पैठणीच्या फोटोत तर रंगच सगळ्यात महत्त्वाचा.

सध्या फोटोशॉपमध्ये ॲक्शन (पायऱ्यांची नोंद) रेकॉर्ड करून फाइल मेनूतल्या ऑटोमेटमधून बॅच, म्हणजे तीच ॲक्शन फोल्डरातल्या सगळ्या फोटोंवर, चालवते आहे. अडतंय ते असं.

ॲक्शनमध्ये इमेज साइजला रुंदी २००० दिली आहे. आडवे फोटो बरोबर येतात, उभे मात्र ३००० उंचीचे होतात. निशाणी आडव्या फोटोत कोपऱ्यात बसते, उभ्यात भलतीकडेच जाते. रामा हिरवा आणि मोरपंखी फोटोशॉपमध्ये जिवंत दिसतात, पण काही गिऱ्हाइकांच्या फोनवर मळकट. साडी हातात आल्यावर "फोटोपेक्षा किती सुंदर आहे हो" असं ऐकायला मिळतं तेव्हा बरं वाटतं, पण मळकट फोटो बघून जी पुढे निघून गेली ती परत येत नाही. आणि लहान आकारात पदराच्या जरीवर लहरी उमटतात, ज्या मूळ फोटोत नाहीत.

विंडोज, फोटोशॉपची ताजी आवृत्ती, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपीजी दोन्ही ठेवते. कोडिंग येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, इमेज साइजची पायरी काढून टाका. त्याऐवजी रेकॉर्ड चालू असताना फाइल, ऑटोमेट, फिट इमेज असं जा आणि रुंदी, उंची दोन्ही २००० द्या. फिट इमेज फोटोला २००० च्या चौकटीत बसवतं, प्रमाण न बिघडवता. आडव्याची रुंदी २००० होईल, उभ्याची उंची २००० होईल. लहान फोटो उगाच मोठा होऊ नये म्हणून तिथे डोन्ट एन्लार्ज आहे, त्यावर टिक करा.

निशाणी कधीही फिट इमेजच्या नंतर ठेवा, म्हणजे तिचा आकार सगळ्या फोटोंत सारखा राहील. ठेवल्यावर माउसने ओढू नका, कारण ॲक्शन ते अंतर पाठ करते. आधी सिलेक्ट ऑल, मग लेयर मेनूतलं अलाइन लेयर्स टू सिलेक्शन, त्यात राइट एजेस आणि बॉटम एजेस. आता फोटो आडवा असो की उभा, निशाणी कोपरा धरून बसेल. कडेपासून थोडी आत हवी असेल तर निशाणीच्या पीएनजी फाइलमध्येच एक अगदी फिकट, दिसणार नाही असा ठिपका बाहेरच्या कोपऱ्यात ठेवा. अलाइन त्या ठिपक्याला धरून होतं.

शेवटी फ्लॅटन (सगळे लेयर एकत्र करणं) आणि जेपीजी म्हणून सेव्ह ॲज. सेव्ह करताना फाइलच्या नावाला अजिबात हात लावू नका. नाव टाइप केलं तर तेही रेकॉर्ड होतं. बॅचच्या खिडकीत डेस्टिनेशन फोल्डर निवडून ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स चालू ठेवा. म्हणजे दर्जा ॲक्शनमधला घेतला जातो, फोल्डर आणि नाव बॅचमधलं. एक्स्पोर्ट ॲज वापरू नका, ओव्हरराइड त्याला लागू होत नाही.

प्रतिसाद २

रंगाचं सांगतो. कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये कोणते रंग मावतात ती मर्यादा, ॲडोब आरजीबी आहे का बघा. फाइल ॲडोब आरजीबीत राहिली आणि बघणाऱ्याच्या ॲपने तिचं प्रोफाइल (कलर स्पेस कोणती याची नोंद) वाचलंच नाही, तर आकडे एसआरजीबीचे (फोन आणि वेबवरची नेहमीची कलर स्पेस) समजून दाखवले जातात आणि रंग फिके पडतात. हिरवे आणि निळसर हिरवे सगळ्यात जास्त मार खातात, कारण या दोन कलर स्पेसमधला मोठा फरक तिथेच आहे. तुमचे रामा आणि मोरपंखी नेमके तिथले.

उपाय: ॲक्शनमध्ये एडिट मेनूतलं कन्व्हर्ट टू प्रोफाइल, एसआरजीबी. असाइन प्रोफाइल नाही! कन्व्हर्ट रंग जसा दिसतो तसा राखायचा प्रयत्न करतं, असाइन फक्त पाटी बदलतं आणि रंग हलतो. सेव्ह करताना प्रोफाइल फाइलसोबत ठेवा.

तरीही अगदी गडद मोरपंखी एसआरजीबीत पूर्ण मावत नाही, तो थोडा दबणारच. धूपछाव पोताचा, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, एकच फोटो देऊ नका. दोन कोनांतून दोन फोटो द्या, बॅच कितीही चांगली असली तरी ते काम तिचं नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कॅमेरा ॲडोब आरजीबीवरच होता. फिट इमेज आणि अलाइनने उभ्या-आडव्याचा प्रश्न मिटला. आता तीन आकारांसाठी तीन ॲक्शन, तीन वेळा बॅच असं चाललं आहे. एकाच दमात होईल का? ३०० केबीची मर्यादाही दर फोटोला दर्जा कमी-जास्त करून बघावी लागते. जरीचा प्रश्न तसाच आहे.

प्रतिसाद ३

तुम्ही रॉ ठेवता, तर हे काम लाइटरूम क्लासिकला (फोटो सांभाळायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर) द्या. ॲडोबच्या फोटोग्राफी प्लॅनमध्ये फोटोशॉपसोबत तेही येतं, बऱ्याच जणांकडे नुसतं पडून असतं. नोव्हेंबर २०१९ च्या ९.० आवृत्तीपासून एक्स्पोर्टच्या खिडकीत डावीकडच्या एकाहून जास्त प्रीसेटवर (साठवलेल्या सेटिंग्जवर) टिक करता येते आणि सगळे आकार एका दमात निघतात. प्रीसेट मात्र आधी तयार करून ठेवा, अनेक टिक केल्यावर तिथे बदल करता येत नाहीत.

वेबसाइटच्या प्रीसेटमध्ये रिसाइज टू फिट, लाँग एज २०००, एसआरजीबी. व्हॉट्सॲपच्या प्रीसेटमध्ये लाँग एज १६०० आणि लिमिट फाइल साइज ३००. ही मर्यादा लावली की दर्जाची पट्टी बंद होते, तो लाइटरूम स्वतः ठरवतो. निशाणीसाठी वॉटरमार्क आहेच, कोपरा आणि कडेपासूनचं अंतर ठरवता येतं, ठिपक्याची गरज नाही.

आणखी एक. दर वेळी प्रकाश बदलला की पहिला फोटो करड्या कार्डाचा घ्या. त्यावरून व्हाइट बॅलन्स (प्रकाशामुळे बदललेल्या रंगाची दुरुस्ती) घेऊन बाकीच्यांना सिंक करा. रंग जुळवायचा वेळ खरा इथे वाचतो.

प्रतिसाद ४

जरीवरच्या लहरींना मॉयरे म्हणतात. ६००० पिक्सेलचा फोटो १०८० वर आणताना जरीच्या बारीक रेघा नव्या पिक्सेलच्या जाळीत बसत नाहीत आणि नसलेली नक्षी दिसते. त्यात शार्पनिंग (कडा ठळक करणं) जास्त असेल तर ती आणखी उठून दिसते. लाइटरूमच्या एक्स्पोर्टमध्ये आउटपुट शार्पनिंग बंद करा किंवा स्क्रीन, लो ठेवा. फोटोशॉपमध्ये आकार कमी करण्याआधी अगदी हलका गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्या, एक पिक्सेलपासून सुरुवात करून बघा. हे फक्त जरीच्या फोटोंसाठी. अंगावरच्या बुट्टीला देऊ नका, बुट्टी बोथट होते.

लहरी मूळ फोटोतच १०० टक्के झूमला दिसत असतील तर एक्स्पोर्टमध्ये काही होणार नाही. कॅमेरा पुढे-मागे करा किंवा कोन थोडा तिरका घ्या.

प्रतिसाद ५

ॲडोबचं मासिक भाडं नको असेल तर एक्सएन-कन्व्हर्ट हे अनेक फोटो एकदम बदलायचं सॉफ्टवेअर बघा. आकार, कॅनव्हास, निशाणी अशा पायऱ्या एकाखाली एक लावून साठवता येतात, कोडिंग लागत नाही. पण व्यावसायिक वापराला ते फुकट नाही. तुमचा व्यवसाय आहे, तेव्हा परवाना घ्यावा लागेल. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरचंही तसंच.

धागाकर्ती

वेबसाइट आणि व्हॉट्सॲपचे दोन्ही आकार आता लाइटरूममधून एकदम निघतात. पदराच्या प्रीसेटला शार्पनिंग बंद केलं, लहरी जवळजवळ गेल्या.

चौकोनाचं अजून ठरत नाहीये. १०८० च्या चौकोनात आडवा पदर कापला तर एका बाजूचे मोर जातात. विणणाऱ्याने महिना-महिना बसून काढलेला पदर मशीनने मधूनच कापावा हे मला पटत नाही. दुसरीकडे काठाच्या जवळच्या फोटोला भोवती पांढरी पट्टी बरी दिसत नाही, तो कापलेलाच हवा.

प्रतिसाद १

मग दोन ॲक्शन करा. पदरासाठी फिट इमेज १०८० बाय १०८०, नंतर कॅनव्हास साइज १०८० बाय १०८०, एक्स्टेन्शनचा रंग पांढरा. काहीच कापलं जात नाही. जवळच्या फोटोंसाठी क्रॉपची पायरी रेकॉर्ड करा आणि ॲक्शन्सच्या पॅनेलमध्ये त्या पायरीच्या डावीकडे डायलॉगची खूण चालू करा. बॅच दर फोटोला तिथे थांबेल, चौकट तुम्ही सरकवायची, एंटर दाबायचं, पुढचं सगळं आपोआप.

पदराची ॲक्शन ड्रॉपलेट (फोटो दिले की ॲक्शन चालवणारी छोटी फाइल) म्हणूनही साठवता येते, ऑटोमेटमध्ये क्रिएट ड्रॉपलेट. लाइटरूमच्या पोस्ट-प्रोसेसिंगमध्ये ती लावली की एक्स्पोर्ट झालेले फोटो थेट तिच्याकडे जातात. तेवढ्यापुरतं लाइटरूममधून टिफ (दर्जा न घटवणारी फाइल) काढा, म्हणजे जेपीजी एकदाच बनेल.

धागाकर्ती

थांबणारी बॅच हीच मला हवी होती! काठाचे सगळे फोटो आज तसेच केले, चौकट मी धरली आणि बाकी सगळं त्याने केलं. ड्रॉपलेट उद्या बसवते. एक शेवटचं विचारते: फाइलच्या नावात साडीचा नंबर आणि आकार दोन्ही आपोआप यावेत, तर लाइटरूममध्ये ते प्रत्येक प्रीसेटला वेगळं द्यायचं की एकदाच?

प्रतिसाद ३

प्रत्येक प्रीसेटला वेगळं द्या. फाइल नेमिंगमध्ये कस्टम टेक्स्ट आणि मूळ फाइलचं नाव असा साचा करा, कस्टम टेक्स्टमध्ये वेब किंवा व्हॉट्सॲप लिहा. साडीचा नंबर फोटो कॉम्प्युटरवर घेतानाच मूळ फाइलच्या नावात घाला, म्हणजे तो तिन्ही आकारांत आपोआप उतरेल.