मेल उडवून काही होत नाही, बॅकअप बघा

गूगल अकाउंटची फुकटची १५ जीबी जागा (जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून) भरली की जाहिरातींच्या जुन्या मेल उडवा, बक्कळ जागा होते, असा सल्ला देतात, तो मला काही पटला नाही. नुसत्या मजकुराची मेल असते केवढीशी, हजारभर उडवल्या तरी १५ जीबीपुढे हाताला फारसं काही लागत नाही. मोठ्या अटॅचमेंटवाल्या शोधून उडवल्या तर गोष्ट वेगळी, आणि वर ट्रॅश रिकामा करायचा, नाहीतर ३० दिवस ते तिथेच जागा अडवून बसतं.

पण खरा चोर वेगळाच असतो. कोथरूडला आमच्या बाबांचं अकाउंट फुल्ल झालं, मेल यायच्याच बंद, लाइट बिलाची मेलसुद्धा नाही. मी ड्राइव्ह उघडून बघतोय तर फायली मोजून वीस-पंचवीस, फोटोही फार नाहीत. मग डाव्या बाजूच्या स्टोरेजमध्ये जाऊन बॅकअप्स उघडलं तर एकटा व्हॉट्सॲपचा बॅकअप ९ जीबी! अँड्रॉइडवर हा बॅकअप गूगलवाले आधी या १५ जीबीत धरत नसत, २०२४ पासून धरायला लागले, आणि तो नेहमीच्या फायलींत दिसतच नाही. आत काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचे विसर्जनाचे व्हिडिओ, तोच ढोल पाच जणांनी पाच बाजूंनी काढलेला, शिवाय रोजची सुप्रभातं. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये ‘व्हिडिओ’ बंद केलं, मॅनेज स्टोरेजमधून मोठे व्हिडिओ साफ केले (बाबांना विचारून हां, नातवाचे ठेवले) आणि नवीन बॅकअप घेतला, तो दीड जीबीवर आला. मेल एकही उडवली नाही.