आंशिक भागाकाराच्या पद्धतीत पायऱ्या फार होत असतील तर काय करावे?

प्रश्न
माझ्या चौथीतल्या मुलीला शाळेत भागाकार आंशिक भागाकारांच्या पद्धतीने शिकवत आहेत. भाज्यातून भाजकाची सोयीची पट वजा करत जायचे, प्रत्येक वेळी किती पट घेतली ते बाजूला लिहायचे आणि शेवटी त्या संख्यांची बेरीज करायची, अशी ही रीत आहे. ८६८ ÷ १४ या उदाहरणात तिने १४ ची १० पट, म्हणजे १४०, सलग सहा वेळा वजा केली आणि उरलेल्या २८ साठी २ लिहून ६२ हे उत्तर काढले. उत्तर बरोबर आहे. मात्र आम्ही शिकलेल्या मांडणीत हे दोन पायऱ्यांत सुटते. ती मांडणी घरी आताच शिकवावी का?

उत्तर १
माझ्या मते थोडे थांबावे. जुन्या मांडणीत आपण ‘८६ मध्ये १४ सहा वेळा जातात’ असे म्हणतो, पण ते ८६ दशक आहेत आणि तो ६ म्हणजे ६० आहे, हे मुलांच्या लक्षात येतेच असे नाही. १८४२ ÷ ६ चे उत्तर अनेक मुले ३७ लिहितात, कारण ४ ला ६ चा भाग जात नाही तेथे शून्य लिहायचे राहून जाते. आंशिक पद्धतीत ६ ची ३०० पट, म्हणजे १८००, वजा केली की ४२ उरतात, त्यांत ६ सात वेळा जातात आणि ३०० + ७ = ३०७ असे उत्तर येते; शून्य विसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पायऱ्या कमी करण्यासाठी उदाहरण सुरू करण्यापूर्वी वहीच्या कडेला भाजकाच्या काही पटी लिहून घ्यायला सांगावे. १४ ची २ पट २८, १० पट १४०, तिची निम्मी म्हणजे ५ पट ७०, आणि त्यावरून ५० पट ७००. एवढे समोर असले, की ८६८ मधून आधी ७००, मग १४०, मग २८ वजा होतात आणि तीन पायऱ्यांत काम होते. ‘याहून मोठी पट घेता आली असती का?’ एवढेच विचारावे. उत्तर तिला शोधू द्यावे.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु या टप्प्यावर फार काळ रेंगाळू नये. प्रत्येक जादा पायरी म्हणजे एक जादा वजाबाकी, आणि हातच्याची चूक नेमकी तिथेच होते.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मग जुन्या मांडणीकडे केव्हा वळावे?

उत्तर १
ती एकाच वेळी ६० पट, म्हणजे ८४०, वजा करू लागेल तेव्हा. त्या वेळी दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी लिहून दाखवाव्यात. ८४० मधले शून्य न लिहिता ८६ खाली ८४ लिहिले आणि एककाचा ८ खाली उतरवला, की जुनी मांडणी तयार होते, हे तिला स्वतःलाच दिसेल. तोपर्यंत उरलेली संख्या भाजकापेक्षा लहान झाल्याशिवाय थांबायचे नाही, आणि शेवटी १४ × ६२ करून ८६८ येतात का ते पाहायचे, एवढ्या दोन सवयी मात्र आतापासून लावाव्यात.