नोव्हेंबरचे थवे आणि वुड पिजनची शिकार

काही जण म्हणतात की नोव्हेंबरात इंग्लंडच्या शेतांवर उतरणारी वुड पिजन (पिकं खाणारी मोठी रानकबुतरं) स्कँडिनेव्हियातून येतात, म्हणून कितीही मारली तरी संपत नाहीत. दुसरा भाग खरा, पहिला फारसा पटत नाही. स्कँडिनेव्हियातली कबुतरं मुख्यतः फ्रान्समार्गे पिरेनीज ओलांडून स्पेन-पोर्तुगालकडे उतरतात (तिथल्या खिंडीत त्यांच्यासाठी जाळी लावायची जुनी परंपराच आहे). पायात ओळखीची कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी पाहिल्या तर ब्रिटनमधली बहुतेक कबुतरं देश सोडतच नाहीत.

मग संपत का नाहीत? पक्षी-अभ्यासक रोनाल्ड मर्टन यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजशायरमधल्या कार्ल्टन गावी याचाच अभ्यास केला. तेव्हा ही कबुतरं मारायला सरकार काडतुसांवर सवलत देत होतं. त्यांना दिसलं ते असं: हिवाळ्यात किती पक्षी जगणार हे शेतातल्या क्लोव्हरच्या (चाऱ्याचं एक पीक) पाल्यावर ठरतं. बंदुकीने मेलेले बरेचसे तसेही उपासमारीने गेले असते, उरलेल्यांना मात्र खायला जास्त मिळतं! पुढे हिवाळाभर हिरवं राहणारं ऑइलसीड रेप (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) सगळीकडे पेरलं जाऊ लागलं आणि ती उपासमारही कमी झाली. तेव्हा पीक कोवळं असताना थवा त्या शेतावरून उठवायला बंदूक ठीक, संख्या कमी करायला नाही.