डी. एन. रोडच्या कमानी सलग कशा?

नवा चाकरमानी:
बदली होऊन मुंबईच्या फोर्टात आलोय. रोज व्हीटीला उतरून डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोडने फाउंटनपर्यंत चालतो. मान वर केली की एक इमारत दुसरीसारखी नाही. कुठे टोकदार गॉथिक कमानी, कुठे घुमट, कुठे नक्षीचे खांब. पण खालचा कमानींचा रस्ता मात्र एका इमारतीतून दुसरीत चालूच राहतो. हे ठरवून केलंय की मालकांनी एकमेकांचं बघून?

गच्चीवरून:
ठरवून. १८९६ चा सरकारी नियम होता. या रस्त्यावर बांधायचं तर तळाला पायी चालणाऱ्यांसाठी कमानी सोडायच्याच.

पेन्शनर फोर्टकर:
बरोबर. थोडी भर घालतो. हा पूर्वीचा हॉर्नबी रोड, जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आतला. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचा तट पाडायला घेतला, चर्चगेट, बझारगेट, अपोलो गेट सगळे दरवाजे गेले, रस्ता रुंद झाला आणि पुढच्या काही दशकांत दोन्ही बाजूंना इमारती उठल्या. मालक वेगळे, वास्तुकार वेगळे, प्रत्येकाची हौस वेगळी. नियम करणाऱ्याने हौसेला हात लावला नाही, फक्त तळाची कमान मागितली. माझ्या मते शहाणपण इथंच आहे.

याउलट फोर्टातलंच बॅलार्ड इस्टेट बघा. पोर्ट ट्रस्टने गोदीच्या खोदाईतली माती टाकून समुद्रात भर घातली आणि १९०८ ते १९१४ या काळात वास्तुकार जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली सगळ्या इमारती एकाच धाटणीत उभ्या केल्या. देखणं आहे, नाकारत नाही. पण मला तिथं कवायत चालल्यासारखं वाटतं.

मी शिपिंगच्या ऑफिसात कारकून होतो, बिलं घेऊन दिवसभर हिंडायचो. पावसाळ्यात या रस्त्यावर छत्री मिटलेलीच. गल्ली ओलांडताना तेवढी उघडायची. कमानीखाली फेरीवाले तेव्हाही होते. साहेबलोक त्यांच्या नावाने कुरकुरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशीच बेल्टसाठी घासाघीस करायचे.

नवा चाकरमानी:
काका, येत्या शनिवारी वेळ काढतोय. काय चुकवू नये?

पेन्शनर फोर्टकर:
शनिवार नको, रविवारी सकाळी जा. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट (१८९८) समोरच्या फुटपाथवरून बघा, खालून वरचं काही दिसत नाही. मग वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर (१८८१). दाराशी पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत. आत पारशांनाच प्रवेश, तेव्हा बाहेरूनच. तिथून बोरा बझारच्या गल्ल्यांत शिरा. लाकडी सज्ज्यांची जुनी घरं, खाली दुकानं. किल्ल्याच्या आत देशी व्यापारी राहायचे आणि धंदाही करायचे तो हा भाग. डी. एन. रोडवर कितीही हिंडलात तरी हे कळणार नाही. रविवार एवढ्यासाठीच म्हटला, एरवी तिथं वर बघत उभे राहिलात तर हातगाडीवाला पाठीत दांडा घालील.