साठीनंतर पहिल्यांदा ओट्यापाशी (अनुभव धागा)

बायको गेली, अंथरुणाला खिळली किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने परदेशी गेली, की जन्मभर आयतं ताट मिळालेला माणूस एकदम ओट्यापाशी येऊन उभा राहतो. डबा लावता येतो, त्यात कमीपणा काही नाही. पण रात्री आठला भूक लागली की आठलाच जेवता येणं ही वेगळीच मोकळीक आहे, आणि ती या वयातही कमावता येते. ज्यांच्या हातात हे काम मुरलंय त्यांनी इथे लिहावं. अट एकच: ‘चवीपुरतं’ आणि ‘अंदाजाने’ हे शब्द नकोत. वाटी, चमचा, मिनिटं सांगा. बिघडलं तर का बिघडतं तेही.

खमंग_फोडणी:
श्रीगणेशा पोळीने करू नका, कुकरने करा. तळाशी दोन वाट्या पाणी. खालच्या भांड्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चार थेंब तेल. तेलाने फेस कमी येतो, नाहीतर तो वर येऊन शिट्टीच्या भोकात अडकतो. वरच्या भांड्यात वाटीभर तांदूळ. जुना कोलम असेल तर दोन वाट्या पाणी, नवा आंबेमोहोर असेल तर पावणेदोनच, नाहीतर गिचका होतो. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. वाफ आपोआप जिरू द्या, झाकणाशी झटापट नको.
डाळ बोटचेपी राहिली तर तीन कारणं: डाळ जुनी, पाणी बोअरचं जड, किंवा आमसूल-टोमॅटो आधीच घातलेला. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. ते नंतर, उकळताना.

साधंवरण:
वर चार शिट्ट्या म्हटलंय, पण तीन लिटरच्या कुकरची शिट्टी लवकर होते, पाच लिटरची उशिरा. त्यापेक्षा पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं लावावीत. ऐकायला कमी येत असेल तर मोबाइलचा गजर लावाच. शिट्टी होतच नसेल आणि कडेने वाफ जात असेल, तर रिंग सैल झालीय. थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघा; तरी नाही तर नवी आणा. झाकण लावण्याआधी शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना, हे रोज बघायचं.

मोहरी_तडतड:
फोडणी करपते ती हळदीमुळे. दोन चमचे तेल तापलं की एकच मोहरी टाका. लगेच तडतडली तर बाकीची अर्धा चमचा घाला, नुसती तळाशी बसली तर थांबा. तडतड संपत आली की गॅस बंद, मगच हिंग, हळद, तिखट. तापल्या तेलाला तेवढी धग पुरते. कढीपत्ता पुसून घ्या. ओला टाकलात तर तेल अंगावर येतं. मिसळणाच्या डब्यात जिरं आणि मोहरी समोरासमोर ठेवा, शेजारी नको. घाईत चमचा चुकतो.

सोलापूरकरीण:
पोळीआधी भाकरी शिका, लाटणं-पोळपाट काही लागत नाही. ज्वारीचं पीठ एका वेळी किलोभरच दळून आणा. पंधरवडा उलटला की पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. मग माणूस म्हणतो मला जमत नाही. खरं तर पीठच गेलेलं असतं. अशा वेळी पिठाच्या निम्मं उकळतं पाणी ओतून उकड काढा.
एका भाकरीला पाऊण वाटी पीठ. एकेका भाकरीपुरतंच मळायचं, तळहाताने रेटून, गोळा भेगा न पडता वळेपर्यंत. थापताना खाली पीठ भरपूर. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि लगेच त्यावर हाताने पाणी फिरवायचं. हे पाणी पुरतं वाळायच्या आत उलटा. वाळू दिलंत तर पापुद्र्याला चिरा जातात, वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की तवा उतरवून पहिली बाजू जाळावर. पहिल्या आठवड्यात नकाशेच होणार. चवीत फरक पडत नाही.

पावशेर:
एका माणसाचा बाजार वेगळा असतो. पालेभाजीची अख्खी जुडी दोन वेळा जाते, एवढं धरून चाला. फ्लॉवर, कोबी अर्धा कापून मागायला लाजू नका. रवा आणल्या आणल्या कोरडा भाजून डब्यात भरा, पोरकिडे होत नाहीत. मिठाचा चमचा सपाट पाच ग्रॅमचा घ्या: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि त्यात लोणचं-पापडही आले.

माजघर:
घरातल्या बायकांसाठी एक ओळ. शिकवताना हातातला झारा काढून घेऊ नका. करपू द्या.

निळी_ज्योत:
रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही नको, बंदही नको. खिडक्या उघडा, रेग्युलेटर काढा, बाहेर जाऊन 1906, म्हणजे गॅसगळतीचा मदतीचा नंबर, लावा. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.